बिनकडीचं दार

पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओ शहराच्या परिसरात १९८४ ते १९८९ या काळात संशोधकांनी ४२ ते ६० वर्षं वयाच्या सुमारे तेवीसशे पुरुषांची तपासणी केली. विषय हृदयविकाराचा होता. सिगारेट, दारू, रक्तदाब, व्यायाम अशा नेहमीच्या प्रश्नांसोबत आणखी एक प्रश्न होता : आठवड्यातून किती वेळा सौना घेता? ‘अजिबात घेत नाही’ असं सांगणारे निघाले अवघे बारा जण. बारा माणसांवरून कसलाच निष्कर्ष काढता येत नाही. त्यामुळे पुढे तुलना झाली ती आठवड्यातून एकदा, दोन-तीनदा आणि चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांची.

सौनाच्या फायद्यांबद्दल आज जे काही छापून येतं, त्यातलं बरंचसं या एका पाहणीवर उभं आहे. म्हणून हे बारा जण आधी सांगितले. जिथे जवळजवळ सगळेच ती गोष्ट करतात, अशा समाजातून हे आकडे आले आहेत. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि सौनांची संख्या तीस लाखांच्या वर. घरात सौना, तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरात सौना, संसदेच्या इमारतीतही सौना. नोकरीनिमित्त हेलसिंकी-एस्पोकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही ती लवकरच भेटते, कारण अनेक इमारतींत सगळ्यांची मिळून एक सौना असते आणि प्रत्येक घराला आठवड्यातली ठरलेली वेळ मिळते. २०२० साली युनेस्कोने या संस्कृतीला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

खोली अगदी साधी असते. लाकडाने मढवलेल्या भिंती, पायऱ्यांसारखे वर चढत गेलेले बाक, कोपऱ्यात भट्टी आणि भट्टीवर दगडांची रास. हवेचं तापमान ८० ते ९० अंश. एवढ्या गरम पाण्यात बोट घातलं तर पोळेल, पण एवढ्याच गरम हवेत माणूस दहा-पंधरा मिनिटं निवांत बसू शकतो. याचं कारण हवेच्या कोरडेपणात आहे. सौनातली आर्द्रता साधारण १० ते २० टक्के असते. कोरडी हवा त्वचेला उष्णता सावकाश देते, आणि सुटलेला घाम लगेच उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. लाकूडही चटका देत नाही, मात्र बाकातून एखाद्या खिळ्याचं डोकं वर आलं असेल तर तेवढ्या जागी चांगलंच भाजतं. आपल्याकडच्या जिममध्ये किंवा हॉटेलात असतो तो स्टीम बाथ ही वेगळी गोष्ट. तिथे तापमान चाळीस-पंचेचाळीस अंशच असतं, पण हवा वाफेने भरलेली असल्यामुळे घाम उडत नाही, अंगावरच राहतो.

सौनातही पाणी लागतं, पण ओंजळभर. लाकडी पळीने तापल्या दगडांवर पाणी टाकलं की चर्र आवाज होतो आणि क्षणभराने पाठीवर, कानांवर उष्णतेची लाट येते. ती वाफ त्वचेवर पुन्हा पाणी होताना आपल्यातली उष्णता सोडून देते, म्हणून ती इतकी जाणवते. या वाफेला फिनिश भाषेत ‘लॉयलू’ म्हणतात. शब्द जुना आहे. दूरच्या नात्यातल्या हंगेरियन भाषेत त्याच्या भावंडाचा अर्थ आत्मा असा होतो.

मग शरीरात काय घडतं? त्वचेचं तापमान चाळिशीच्या आसपास जातं, आतलं साधारण एका अंशाने वाढतं. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त आतून बाहेरच्या बाजूला वळतं आणि ते पुरवण्यासाठी हृदयाचे ठोके मिनिटाला १०० ते १२०, कधी १५० पर्यंत चढतात. हृदयाच्या दृष्टीने हे भराभर चालून येण्यासारखंच आहे, फक्त पाय हललेले नसतात. म्हणून स्नायू आणि हाडांसाठी चालणं काही सुटत नाही. अर्धा किलोच्या आसपास वजन घटतं, पण तो निव्वळ घाम असतो. दोन ग्लास पाणी पोटात गेलं की ते परत येतं. घामावाटे ‘विष’ बाहेर पडतं ही कल्पना लोकप्रिय असली तरी खरी नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात.

१०२ जणांवर केलेल्या एका प्रयोगात अर्ध्या तासाच्या सौनानंतर रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी १३७ वरून १३० वर आला आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणाही तेवढ्यापुरता कमी झाला. पण एक सौना म्हणजे एक दिवस. वर्षानुवर्षांचं उत्तर कुओपिओच्या पाहणीत शोधावं लागतं. त्या पुरुषांचा पाठपुरावा जवळपास वीस वर्षं झाला आणि २०१५ मध्ये यारी लाउक्कानेन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकदा सौना घेणाऱ्यांच्या तुलनेत दोन-तीनदा घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी होतं, चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये ६३ टक्क्यांनी. कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू या शेवटच्या गटात ४० टक्क्यांनी कमी. पुढे याच पाहणीतून स्मृतिभ्रंशाचे आकडे आले, आणि २०१८ मध्ये स्त्रियांनाही सामील करून पक्षाघाताचे. दिशा तीच होती.

हे आकडे पाहून कुणालाही लगेच सौना बांधावीशी वाटेल. पण याच भूभागाचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो शेजारी ठेवल्याशिवाय हे आकडे वाचू नयेत असं मला ठामपणे वाटतं. १९७० च्या सुमारास पूर्व फिनलंडमधल्या मध्यमवयीन पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक नोंदलं गेलं होतं. लाकूडतोडे, शेतकरी, अंगमेहनत करणारी माणसं ऐन पन्नाशीत कोसळत होती. सौना तेव्हाही घरोघर होती. पण ताटात लोणी आणि मीठ भरपूर होतं आणि हातात सिगारेट होती. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली नॉर्थ कॅरेलिया प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या बायकांना, दुकानदारांना, शाळांना सोबत घेऊन लोकांचं खाणं बदललं, तंबाखू कमी झाली. पुढच्या काही दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू तिथे ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. लोण्यापासून आणि धुरापासून सौनाने कुणाला वाचवलं नव्हतं. जे वाचले ते बहुतांशी ताट बदलल्यामुळे आणि सिगारेट सुटल्यामुळे.

शिवाय रोज सौना घेऊ शकणारा माणूस बहुधा मुळातच बरा असतो. दम लागणारा, छातीत दुखणारा माणूस आपोआप कमी वेळा जातो. संशोधकांनी वय, सिगारेट, व्यायाम, उत्पन्न यांचा हिशेब केला होता, तरी अशा पाहणीतून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही. २०२३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी स्थिर हृदयरोग असलेल्यांना दोन गटांत विभागून एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून चारदा सौना दिली. रक्तवाहिन्यांच्या कामात फरक दिसला नाही. आठ आठवडे म्हणजे वीस वर्षं नव्हेत, हे खरं. तरीही हा निकाल लपवून सौनाची शिफारस करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

आता मराठी वाचकाच्या मनात असलेला प्रश्न. उष्णता इतकी चांगली असेल, तर चंद्रपूरचा मे महिना आपल्याला ठणठणीत का ठेवत नाही? एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर एका जाहीर कार्यक्रमासाठी भर उन्हात तासन् तास बसलेल्यांपैकी चौदा जणांनी प्राण गमावले. तापमान होतं अडतीस अंशांच्या आसपास, सौनाच्या निम्म्याहून कमी. फरक वेळेचा आहे, हवेचा आहे आणि सुटकेचा आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम उडत नाही, त्यामुळे अंग थंड होण्याचा मुख्य रस्ताच बंद होतो. आणि वीटभट्टीवरची, बांधकामावरची, शेतातली माणसं पंधरा मिनिटांनी उठून गार पाण्याखाली जाऊ शकत नाहीत. उन्हाळ्यातल्या रात्री पत्र्याच्या घरात शरीर निवतही नाही. सौनाचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि त्याला कडी नसते. घेरी येत असेल तर नुसतं ढकललं की माणूस बाहेर. सौनाचा फायदा मला तरी या दारापासून वेगळा काढता येत नाही. थोडी उष्णता, मग गारवा, मग विसावा, आणि हे सगळं आपल्या मर्जीने.

ते दार विसरलं की काय होतं तेही फिनलंडने पाहिलं. हाइनोला या गावात १९९९ पासून सौनात कोण जास्त वेळ टिकतो याची स्पर्धा भरत असे. २०१० च्या अंतिम फेरीत ११० अंशांवर एक स्पर्धक मरण पावला, दुसरा गंभीर भाजला. ती स्पर्धा पुन्हा झाली नाही.

उष्णतेने घाम आणायची कल्पना आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदनावरच आहे. त्यातला जेंताक स्वेद वाचताना मी थबकलो. जलाशयाच्या काठी गोल, मातीने लिंपलेली कुटी, भिंतीलगत कट्टा, मधोमध बारीक भोकांची भट्टी, तीत खैराची लाकडं. ती पुरती जळून धूर निघून गेला की रुग्णाने अंगाला तेल लावून आत जायचं. फिनलंडमधल्या सर्वांत जुन्या पद्धतीच्या धुराच्या सौनाला धुरांडं नसतं. तिथेही तासन् तास लाकूड जाळतात, धूर बाहेर जाऊ देतात आणि मग आत शिरतात. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मुळीच नाही. पण दोघांनाही पाण्याजवळची जागा हवी होती. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. चरक रुग्णाला बजावतो की बाहेर येऊन लगेच थंड पाण्याला स्पर्श करू नकोस. थोडा वेळ थांबून मग कोमट पाण्याने स्नान. फिनिश माणूस तळ्यात उडी घेतो.

हृदय कमकुवत असलेल्यांनी इथे चरकाचं ऐकावं. गरम अंगावर एकदम थंड पाणी पडलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब झटक्यात चढतो. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, विश्रांतीतही छातीत दुखत असेल, महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल, तर सौना नको. ताप असताना नको. दारू पिऊन तर कधीच नको, सौनातल्या मृत्यूंमागे दारू वारंवार आढळते. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या पुरुषांनीही काही महिने थांबलेलं बरं. २०१३ च्या एका इटालियन अभ्यासात दहा पुरुषांनी तीन महिने आठवड्यातून दोनदा सौना घेतली, तेव्हा शुक्राणूंची संख्या घटली. थांबवल्यावर सहा महिन्यांत ती पूर्ववत झाली. बाकीच्यांनी खालच्या बाकावर, आठ-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसभर बाहेर फिरून आलेल्याने त्या दिवशी सौना सोडावी. शरीराने तेवढी उष्णता आधीच झेललेली असते.

सौना वर्षभर का घ्यावी, याचं उत्तर शरीराच्या विसराळूपणात आहे. नियमित उष्णता मिळाली की एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, रक्तातला द्रवभाग वाढतो. उष्णता थांबली की काही आठवड्यांत हे सगळं ओसरतं. फिनिश लोक हे शास्त्र म्हणून पाळत नाहीत. त्यांच्याकडे ऋतूच सौनाला बांधलेले आहेत. जूनमध्ये, रात्र जवळजवळ होतच नाही अशा मध्यग्रीष्माच्या सणाला, बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी बांधून अंगावर हलके फटके मारतात आणि खोलीभर ओल्या पानांचा वास दरवळतो. हिवाळ्यासाठी त्याच जुड्या वाळवून किंवा गोठवून ठेवतात. तळं गोठलं की बर्फाला भोक पाडून पाण्यात उतरतात. आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी, जेवणाच्या आधी, घरातली सगळी माणसं आळीपाळीने सौना घेतात. पूर्वी इथेच बाळंतपणं होत आणि मृताला अखेरची आंघोळही इथेच घालत, त्यामुळे आत मोठ्याने बोलायचं नाही, ही शिकवण अजून चालत आली आहे. शेवटचा माणूस बाहेर पडताना दगडांवर आणखी एक पळी पाणी टाकतो. ती वाफ सौनाची राखण करणाऱ्या बुटक्या म्हाताऱ्यासाठी असते. मग दार नुसतं लोटून घेतात.