माती तापवली की शुद्ध होते का?

'शुद्ध' हा शब्द आपण तत्त्वज्ञानवाले फार सैलपणे वापरतो. म्हणून आज तो मातीत उतरवून पाहू, आणि माती जवळचीच घेऊ. भीमेच्या एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड. शिरूरमध्ये रांजणगावची एमआयडीसी, दौंडमध्ये कुरकुंभची. कुरकुंभला रासायनिक आणि औषधी कारखाने आहेत, आणि त्या परिसरातल्या विहिरींचं पाणी बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं बातम्यांत येतात. रांजणगावला कारखान्यांचा घातक कचरा घेणारं सामायिक केंद्र आहे.

आता समजा, कुरकुंभसारख्या ठिकाणी एखाद्या टाकीतून द्रावण झिरपून जमिनीत गेलं. सरळ उपाय काय? माती उकरा, ट्रकात भरा, रांजणगावला न्या, अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरा. दौंडची माती शुद्ध झाली म्हणायचं? विषाचा तालुका तेवढा बदलला. केंद्र लागतंच, त्याविषयी वाद नाही. पण 'स्थलांतर' आणि 'शुद्धी' हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढं आपण लक्षात ठेवू.

दुसरा उपाय म्हणजे बोअर घेऊन दूषित पाणी उपसणं. इथे आपली जमीन आडवी येते. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. कित्येक द्रावणं पाण्याहून जड असतात. ती भेगांत आणि चिकणमातीत जाऊन बसतात. उपसताना पाणी सोपी वाट धरतं, अवघड जागेतलं विष तिथेच राहतं.

उष्णतेचं तसं नाही, आणि आजच्या विषयाची किल्ली इथे आहे. वाळूतून पाणी ज्या सहजतेनं जातं आणि चिकणमातीतून ज्या कष्टानं जातं, त्यात लाखो पटींचा फरक असतो. उष्णता वाहण्यात मात्र या दोन मातींत जेमतेम काही पटींचा फरक. म्हणून जिथे पाणी पोचत नाही तिथे ऊब पोचते. ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यांत तापक नळ्या सोडतात, किंवा इलेक्ट्रोड बसवून मातीतल्या ओलीतूनच वीज खेळवतात. काही महिन्यांत माती शंभर अंशांच्या आसपास जाते. द्रावणाची वाफ होते, ती शोषनळ्यांनी ओढून घेतात आणि वर कोळशाच्या गाळणीत पकडतात किंवा जाळून टाकतात.

गंमत अशी की प्रत्येक द्रावणाच्या उत्कलनबिंदूपर्यंतही जावं लागत नाही. धातूचे भाग धुण्यासाठी वापरलं जाणारं ट्रायक्लोरोएथिलीन एकटं ८७ अंशांना उकळतं, पाण्याच्या सोबतीनं ७३ लाच. अत्तरवाले फुलांतून तेल वाफेवर काढतात, ते याच तत्त्वावर.

आपला शेतकरीही उन्हाळ्यात नांगरट करून रान तापू देतोच, किडीचे कोष मरावेत म्हणून. पण तिथे सूर्य फुकट आहे. इथे हिशेब मांडू. एका घनमीटर ओल्या मातीत साधारण १६०० किलो घन भाग आणि ४०० किलो पाणी धरा. २५ अंशांवरून शंभरवर न्यायला सुमारे ६३ युनिट वीज. त्यातलं निम्मं पाणी उकळून घालवायचं तर आणखी सव्वाशे. म्हणजे १९० च्या आसपास, गळती वेगळी. आणि खालून भूजल वाहत असेल तर ते उष्णता घेऊन चालतं होतं. पाहुणा जेवून जावा तसं.

जगात हे मोठ्या प्रमाणावर झालं आहे. व्हिएतनाममध्ये दानांगच्या विमानतळावर अमेरिकी सैन्याच्या एजंट ऑरेंजमधलं डायॉक्सिन होतं. तिथे माती उकरून, तिचा बंदिस्त ढीग रचून, तो सुमारे ३३५ अंशांपर्यंत तापवला. २०१८ पर्यंत सुमारे ९० हजार घनमीटर माती अशी हाताळली गेली.

पण अग्नी सगळं घेत नाही. शिसं, क्रोमियम तिथेच राहतं. आणि माती जितकी जास्त तापवाल तितकी ती माती राहत नाही. तीनशेच्या पुढे सेंद्रिय अंश जळतो, आणखी वर गेलात की विटेकडे प्रवास सुरू. कारखान्याच्या प्लॉटला ते चालेल. शेजारच्या कांद्याच्या रानाला चालेल का? म्हणजे 'शुद्ध' म्हटलं की 'कशासाठी?' हे विचारावंच लागतं. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याच्या आवारात वाद याच जागी अडला: किलोमागे २० मिलिग्रॅम पारा उरला तर चालेल की नाही. आम्हाला विचाराल तर अशा आकड्यात निम्मं रसायनशास्त्र असतं आणि निम्मा नैतिक निर्णय, आणि तो निर्णय बहुधा बंद खोलीत होतो.

खर्च कोणाचा, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात दिलं: ज्यानं घाण केली त्याचा. दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम यायला मात्र २०२५ उजाडलं.

एक व्यवहाराची गोष्ट. तापक बंद केल्यावर जमीन कित्येक महिने गरम राहते, आणि भेगांत लपलेलं विष हळूहळू पुन्हा पाण्यात उतरू शकतं. तेव्हा काम संपल्याच्या दिवशीचा अहवाल ग्रामपंचायतीनं जरूर घ्यावा, पण त्यावर थांबू नये. जमीन निवल्यावर, एक पावसाळा गेल्यावर, त्याच बोअरच्या पाण्याचा दुसरा अहवाल मागावा, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.