नव्वद टक्के? मग आर्ट्स कशाला!

गेल्या रविवारी मुलुंडला मामाकडे पेढे खायला गेले होते. मामेबहिणीला दहावीला ९१ टक्के मिळालेत. पेढा तोंडात असतानाच तिने बॉम्ब टाकला, "ताई, मला आर्ट्सला जायचंय. हिस्टरी घ्यायचीय." थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग मामा म्हणाला, "नव्वद टक्के घेऊन आर्ट्स? मग एवढा क्लास कशाला लावला होता?"

हा सीन तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी झाला असणार. माझा प्रश्न वेगळा आहे. आठवून बघा, तुमच्या हातून इतिहास नेमका कधी सुटला? माझा नववीच्या दिवाळीनंतर सुटला. इतिहासाच्या तासाला गणिताचे सर यायला लागले. बाई स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसायच्या आणि आम्ही खूश, कारण लिहून घ्यायला नोट्स कमी.

मी २०१९ च्या बॅचची. नवा अभ्यासक्रम, नवी पुस्तकं आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० मार्क बंद. राज्याचा निकाल आदल्या वर्षी ८९.४१ टक्के होता, तो आमच्या वर्षी थेट ७७.१० वर आला. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसई-आयसीएसईची मुलं पुढे जाणार म्हणून ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये ते २० मार्क परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के! (त्या वर्षी लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी मार्क मिळाले, हेही खरं.) म्हणजे महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात बारा टक्क्यांनी ढ झाली आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार? मुलं तीच होती हो. फूटपट्टी बदलली.

पण बाहेर बोर्ड लागतो तो फूटपट्टीचा. जूनमध्ये बोरिवली स्टेशनबाहेर उभे राहा नाहीतर घाटकोपरला, 'शाळेचा निकाल १०० टक्के' हे फ्लेक्स मोजता मोजता तुमची बस सुटेल. यात मुख्याध्यापकांना व्हिलन करणं सोपं आहे. मीही आधी तेच करणार होते. पण साखळी बघा. निकाल चांगला तर प्रवेश येतात, प्रवेश आले तर पट टिकतो, आणि पटावरच दरवर्षीच्या संचमान्यतेत शिक्षकांची पदं ठरतात. उपनगरातल्या मराठी शाळांचा पट आधीच इंग्रजी माध्यमाने खाल्लाय. पट घसरला की कोणी तरी शिक्षक 'अतिरिक्त' होतो. अशा वेळी नापासाची भीती असलेल्या गणिताला जादा तास मिळणार आणि तो कुठून तरी काढावाच लागणार. तो इतिहासातून निघतो.

बरं, इतिहासात सहसा कोणी नापास होत नाही. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून पेपर ४० मार्कांचा. वर २०१० पासून बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सहापैकी चांगले पाच विषय धरायचे. आमच्या वर्गात तर उलटंच झालं, गणिताने बुडवलं आणि एसएसने तारलं. मला विचाराल तर इतिहासाचं खरं नुकसान या 'स्कोअरिंग' शिक्क्यानेच केलं. आधुनिक इतिहासलेखनाचे जनक कोण? व्हॉल्टेअर. एक मार्क. त्याने इतिहास कसा लिहिला, आधीच्यांपेक्षा वेगळं काय केलं, हे विचारायची गरजच पडली नाही. मला आजही फक्त नाव माहितीये.

गंमत म्हणजे दहावीचं ते पुस्तक अजिबात बोअर नाही. त्यात इतिहास लिहितात कसा इथपासून सुरुवात आहे. पुढे प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन, जुन्या ठेव्यांचं जतन, सगळ्यावर धडे आहेत. म्हणजे इतिहास शिकून करायचं काय, याचं उत्तर पुस्तकातच छापलंय! मी मास मीडियाला आल्यावर ते पुन्हा उघडलं तेव्हा स्वतःवरच चिडले.

आणि हे दहावीपुरतं नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये मुलांची प्रगती मोजायला ज्या पायाभूत आणि संकलित चाचण्या घेतात, त्यांचे विषय आहेत प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. पाचवी-आठवीची स्कॉलरशिप आठवा. भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता. जे मोजलं जात नाही त्याला शाळेने जीव का लावावा?

इंग्लंडमध्ये याच्या उलट झालं. तिथे २०१० मध्ये शाळांसाठी नवा निकष आला. इंग्रजी, गणित, विज्ञान, एक परकी भाषा आणि इतिहास किंवा भूगोल यांपैकी एक, या विषयांत किती मुलं पास झाली ते जाहीर होऊ लागलं. लगेच इतिहास घेणारी मुलं वाढली. पण यादीबाहेर राहिलेल्या कला आणि संगीताच्या शिक्षकांनी बोंब मारली. फूटपट्टी कुठलीही आणा, तिच्याबाहेर कोणी तरी उभं राहतंच.

आता मामाचा हुकमी मुद्दा. २०२५ चा बारावीचा निकाल बघा म्हणाला : सायन्स ९७.३५, कॉमर्स ९२.६८, आर्ट्स ८०.५२. "बघ, आर्ट्सची मुलं!" आकडे बरोबर आहेत. पण सायन्सच्या दारात कट ऑफ उभा असतो आणि कुठेच जमलं नाही त्याला आपण सगळे मिळून आर्ट्सकडे ढकलतो. मग बारावीत निकालांची तुलना करतो. यात शिकवण्याचं माप किती आणि आत कोण आलं त्याचं किती, सांगा बरं. शिवाय मामाच्या मित्राचा मुलगा इंजिनीअरिंग करून आता एमपीएससीसाठी पाचवीपासूनची इतिहासाची पुस्तकं वाचतोय, हे मी मामाला सांगितलं. त्याने विषय बदलला.

मी बोरिवलीत वाढले. नॅशनल पार्कमध्ये शंभरावर लेणी असलेली कान्हेरी आहे. दहिसरच्या वाटेवर मंडपेश्वर आहे, जिथे शैव लेण्याला लागूनच पोर्तुगीजांच्या बांधकामाचे अवशेष दिसतात. एका जागेवर किती राज्यं येऊन गेली ते उभ्या उभ्या कळतं. माझ्या शाळेने दहा वर्षांत दोन्हीकडे एकदाही नेलं नाही. सहल वॉटरपार्कला. मंडपेश्वर मी पहिल्यांदा पाहिलं एफवायला, तेही असाइनमेंट होती म्हणून.

मामेबहिणीला मागच्या शनिवारी तिथे घेऊन गेले. ती तासभर एका खांबाजवळ उभी राहून विचारत होती, हे फोडलं कोणी आणि नंतर दुरुस्त कोणी केलं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. परतताना ट्रेनमध्ये तिने फोनवर अकरावीचा फॉर्म उघडला. पहिले दोन पसंतीक्रम आर्ट्सचे आहेत, दोन्ही कॉलेजं मुलुंड-घाटकोपर पट्ट्यातलीच. तिसरा कॉमर्सचा, मामासाठी. फॉर्म अजून लॉक केलेला नाही.