‘कुणीतरी करेल’ म्हणणारी गर्दी

मागच्या पावसाळ्यात उधव्याच्या नाक्यावर एक मोटारसायकल घसरली. पंधरा-वीस माणसे जमली, आम्हीही त्यांत होतो. ‘108 ला फोन केला का?’ असे कुणी विचारले, तेव्हा जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. कुणीतरी केलाच असेल, असे सगळ्यांना वाटत होते. आम्हालाही.

ही सवय किती महागात पडते, ते आपल्याच पालघर जिल्ह्यात 18 जून 2024 रोजी दिसले. वसईत सकाळी, भर रस्त्यात एका तरुणीवर लोखंडी पान्याने वार होत राहिले. एकाने अडवून पाहिले, बाकीचे बघत राहिले. तरुणीचा जीव गेला.

ही सारी माणसे दगडाच्या काळजाची होती का? 1968 मध्ये डार्ली आणि लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असे वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक तो आवाज थांबण्याआधीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा फक्त 31 टक्के उठले. गर्दीत जबाबदारी वाटली जाते आणि कुणाच्याच वाट्याला येत नाही.

आपल्याला हे नवे नाही. जनाज्याची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी अदा केली तर सर्वांची जबाबदारी उतरते. कुणीच केली नाही तर सारी वस्ती गुनाहगार. जीव वाचवण्याचेही तसेच. वाचवू शकणारा एकच असेल, तर त्याच्यावर ते फर्ज-ए-ऐन होते.

म्हणून ‘कुणीतरी मदत करा’ असे ओरडू नका. एकेकाला काम नेमून द्या. ‘निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही 108 ला फोन लावा आणि लागला की मला सांगा. चाची, ओढणी द्या, जखम दाबून धरू.’ मारहाण चालू असेल, तर एकट्याने मध्ये पडू नका. 112 लावा, चौघांना हाक मारा, एकत्र आरडाओरडा करा.

पोलिसांच्या भानगडीची भीती वाटते? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

उधव्यात त्या दिवशी एका आजीने पानवाल्याकडे बोट दाखवले, ‘तू लाव रे फोन!’ आणि फोन लागला. आज जेवताना मुलांकडून हे वाक्य म्हणवून घ्या. अल्लाह आपणा सर्वांना पहिले उठण्याची तौफीक देवो. आमीन.