हाडाशी जुळणारी क्योतोची काच
हाडाशी जुळून येणारी काच अमेरिकेत लॅरी हेंच यांनी 1969 मध्येच शोधली होती. पण ती ठिसूळ, भार पेलायला कुचकामी. क्योतो विद्यापीठाच्या तादाशी कोकुबो यांनी 1982 मध्ये मांडलेला तोडगा म्हणूनच मोलाचा. काचेची पूड दाबून सुमारे 1050 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यात अ‍ॅपेटाइट आणि वोलास्टोनाइट यांचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. हे ‘ए-डब्ल्यू’ काच-सिरॅमिक सुमारे 215 मेगापास्कल इतका वाकवणारा ताण सोसते, घट्ट हाडापेक्षा जास्तच. मग मांडीच्या हाडात ते का नाही? कारण तडा रोखण्याचा चिवटपणा त्यात हाडाइतका नाही. म्हणून मुख्यतः दाब सोसणाऱ्या मणक्यांच्या जागी ते वापरले गेले.

दुसरा आक्षेप, एखादा पदार्थ हाडाशी जुळेल का हे तपासण्याच्या कोकुबोंच्याच चाचणीवर आहे. रक्तद्रवासारखे क्षार असलेल्या द्रावणात नमुना बुडवायचा; त्यावर अ‍ॅपेटाइट जमले, तर तो हाडाशी जुळेल असे मानायचे. 2007 मध्ये तिला आयएसओ 23317 हे मानक लाभले. पण बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट इथे अनेकदा नापास होते आणि हाडाशी मात्र जुळते! तेव्हा ही चाचणी प्राथमिक चाळणीपुरतीच ठीक. अंतिम कौल प्रत्यक्ष हाडातील प्रयोगांचाच मानावा.