मोजमाप पुस्तक वाचणारा बातमीदार

पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलगी ‘मला पत्रकार व्हायचंय’ म्हणाली की घरचे आणि शिक्षक लगेच कोर्सची चौकशी सुरू करतात. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठ, नाशिकचे मुक्त विद्यापीठ अशी नावे निघतात. तिथे भाषा, कायदा, संपादन यांचा पाया पक्का होतो, म्हणून जमत असेल तर शिकावेच. पण बातमीदार घडतो तो एका सवयीने. ऐकलेली गोष्ट कागदाशी आणि प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहायची आणि मगच लिहायची, ही ती सवय. तिच्यासाठी प्रवेशयादीची वाट पाहावी लागत नाही. आपल्या गावची ग्रामपंचायत, तालुक्याची पंचायत समिती किंवा शहरातले वॉर्ड ऑफिस एवढे पुरते. नवख्याने पहिली दोन वर्षे तिथे घालवावीत, स्टुडिओचा विचार नंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.

मराठी पत्रकारिता मुळात तरुणांनीच उभी केली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले तेव्हा ते विशीच्या आसपास होते. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा टिळक आणि पहिले संपादक आगरकर, दोघेही चोवीस वर्षांचे होते. ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा, आणि बाबासाहेब त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे. नवख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे नाव मात्र मुकुंदराव पाटलांचे आहे. पंचविशीतल्या या माणसाने १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून पाच दशकांहून अधिक काळ चालवला. शेतकऱ्याचे कर्ज, सावकारी, जातीचा जाच हे त्याचे विषय होते. ज्यांच्याविषयी लिहायचे ते लोक त्याच्या दारातच होते, आणि चूक छापली तर जाब विचारायलाही तेच येणार होते. बातमीदाराला याहून चांगली तालीम मिळणे अवघड आहे.

आता आजच्या गावातली एक योजना घेऊ. जलजीवन मिशन २०१९ मध्ये जाहीर झाले. त्याचा निकष माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा. गावाची लोकसंख्या दोन हजार असेल तर रोज एक लाख दहा हजार लिटर पाणी नळाने यायला हवे. सरपंच सांगतात की योजना पूर्ण झाली, विरोधक सांगतात की सगळा भ्रष्टाचार आहे. नवखा बातमीदार दोघांची वाक्ये अवतरणात टाकतो आणि बातमी पाठवून मोकळा होतो. ती बातमी नव्हे. टाकीची क्षमता किती, ती दिवसातून किती वेळा भरते, पंप किती तास चालतो, शेवटच्या वस्तीतल्या नळाला किती मिनिटे पाणी येते आणि त्या वेळात किती हंडे भरतात, हे बघावे लागते. त्यानंतर मोजमाप पुस्तक पाहायचे. कार्यालयात त्याला एम. बी. म्हणतात. खोदाई किती मीटर झाली, कोणत्या व्यासाचा पाइप किती लांब टाकला, हे अभियंता त्यात लिहितो आणि त्यावरच ठेकेदाराचे बिल निघते. पुस्तकातला पाइप जिथे संपतो असे लिहिले आहे, तिथपर्यंत चालत जायचे. पाइप त्याआधीच संपला असेल तर तिथे बातमी सुरू होते, आणि तिथपर्यंत नीट पोचला असेल तर तेही छापायचे.

हे कागद नागरिकाला मागता येतात. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून लागू आहे, अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. नवख्याला ही अट जाचक वाटते, पण नेमका प्रश्न विचारायला ती चांगले शिकवते. शिवाय राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. ग्रामपंचायतीला मिळालेला आणि तिने खर्च केलेला निधी तर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो.

गावातून सुरुवात करण्याच्या या सल्ल्यावर पहिला आक्षेप पोटाचा, आणि तो खरा आहे. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारे मानधन पेट्रोललाही पुरत नाही. अनेकांना जाहिराती आणून त्यांच्या कमिशनवर भागवावे लागते. ज्या पतसंस्थेची दिवाळीची जाहिरात आणली तिच्याच थकीत ठेवींची बातमी लिहिण्याची वेळ येते, तेव्हा पेन अडखळते. म्हणून सुरुवातीला शिकवणी, शेती, दुकान, काहीतरी दुसरे उत्पन्न हाताशी असू द्यावे आणि जाहिरातीच्या पावतीपुस्तकाला हात लावू नये. जांभेकरांचीही उपजीविका अध्यापनावर होती. अर्थात वार्ताहराने फुकट राबावे असा याचा अर्थ नाही. तालुक्याच्या बातमीचा योग्य मोबदला देणे ही वृत्तपत्रांची जबाबदारी आहे आणि ती त्यांनी टाळली आहे.

दुसरा आक्षेप जिवाचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे वार्ताहर शशिकांत वारिशे यांचा गाडीखाली चिरडून मृत्यू झाला आणि खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. रिफायनरी प्रकल्पाच्या वादावर ते लिहीत होते. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्येच संमत केला, पण गावातल्या एकट्या बातमीदाराला त्याचा आधार अपुरा पडतो. नवख्याने अशा विषयात एकट्याने उडी घेऊ नये. कागदांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात, कुठे जातो ते संपादकाला सांगून जावे, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे छापण्याआधी लेखी मागावे. या शेवटच्या सवयीने अब्रुनुकसानीची निम्मी प्रकरणे जन्मालाच येणार नाहीत, असे मला वाटते.

मोबाइल आणि यूट्यूब चॅनेल असताना ही पायपीट कशाला, असेही तरुण विचारतात. चॅनेल जरूर काढावे, माध्यम कोणतेही चालेल. पण सरपंचापुढे माइक धरून केलेले चित्रण त्याच दिवशी तालुक्यातले दहा जण करतात. प्रेसनोटची बातमी आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात करून देते, तेव्हा एवढ्याच कामासाठी नवा माणूस कोणी ठेवणार नाही. शेवटच्या वस्तीतल्या नळाखाली हंडा धरून मिनिटे मोजायला मात्र माणूसच लागतो. ही मोजणी आधी एकाच कामाची करून बघावी. सोमवारी तीनला पाणीपुरवठा उपविभागात वही घेऊन जायचे, आपल्या गावच्या योजनेची एम. बी. मागायची आणि पाइपची लांबी मीटरमध्ये उतरवून घ्यायची. मंगळवारी सकाळी टेप घेऊन चालायला निघायचे.