मलाजखंडच्या ढिगाऱ्यातले तांबे

छत्रपती संभाजीनगरच्या पायाखालच्या बेसाल्टात खाण काढावी असे तांबे नाही. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात हा धातू बाहेरूनच येत राहिला. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या, एकूण सुमारे ६० किलो वजनाच्या चार मूर्तींचे तांबे या खडकातले नव्हे, आणि वाळूजच्या कारखान्यांत मोटारींवर गुंडाळली जाणारी तारही नव्हे. मराठी मुलखाला सर्वांत जवळची मोठी तांबेखाण गोंदियाच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला आहे. हिंदुस्थान कॉपरने तिथे १९८२ मध्ये काम सुरू केले. उघड्या खाणीतून वर्षानुवर्षे दगड निघाला. त्यातला सुमारे एक टक्का तांब्याचा दगड कारखान्यात गेला, आणि त्याहून हलका, पाव टक्क्याच्या आसपास तांबे असलेला दगड बाजूला रचला गेला. या हलक्या दगडासाठी जिवाणूंचा मार्ग धरला पाहिजे, असे माझे मत आहे. मात्र त्याचे नेहमी सांगितले जाते ते कारण, म्हणजे स्वस्ताई, मला दुय्यम वाटते.

मलाजखंडचे मुख्य खनिज चाल्कोपायराइट, म्हणजे तांबे, लोखंड आणि गंधक यांचे संयुग. भट्टीत ते फोडायला बाराशे अंशांहून अधिक तापमान लागते. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या जिवाणूला मात्र साधारण ३० अंशांची ऊब, आम्लयुक्त पाणी आणि हवा पुरते. तो तांबे खात नाही. पाण्यात विरघळलेल्या फेरस लोहाचे फेरिक करून त्यातून तो ऊर्जा मिळवतो. हे फेरिक लोह खनिजावर तुटून पडते, तांबे पाण्यात उतरते, लोह पुन्हा फेरस होते आणि जिवाणू ते परत घेतो. गंधकाचेही जिवाणू सल्फ्युरिक आम्ल बनवतात. ढिगावर आम्लपाणी शिंपडायचे, तळाशी निळसर द्रावण गोळा करायचे, द्रावकाने त्यातले तांबे वेगळे काढायचे आणि विजेच्या साहाय्याने त्याचे शुद्ध पत्रे जमवायचे, एवढा हा कारखाना. हा जिवाणू माणसाने घडवलेला नाही. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कोळसाखाणींच्या आम्लपाण्यात तो ओळखला गेला, आणि खाणीखाली पाणी तांबूस व आंबट का होते, याचा उलगडा झाला.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. सल्फाइडचा दगड फोडून पावसात ठेवला की हे जिवाणू आपसूक कामाला लागतात. त्यांना कोणी बोलवावे लागत नाही. पाझरपाण्याच्या भीतीने या पद्धतीला विरोध होतो तो रास्त आहे, पण अस्तर नसलेल्या ढिगाखालीही आम्ल तयार होतच असते, फक्त ते कोणाच्या हिशेबात नसते. जिवाणूंचा ढीग अस्तरावर रचला, भोवती चर खणले आणि द्रावण फिरते ठेवले, तर तेच पाणी मोजता येते आणि अडवताही येते. बालाघाटसारख्या मुसळधार पावसाच्या भागात मोठी साठवण लागेल. तो खर्च टाळून ढीग उभारणार असतील, तर विरोधकांचेच म्हणणे बरोबर ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चिलीमध्ये १९८० च्या दशकापासून ही पद्धत व्यापारी प्रमाणावर चालली, पण तिथले यश मुख्यतः चाल्कोसाइट या मऊ खनिजावरचे. चाल्कोपायराइटच्या कणांवर थर साचतो आणि विरघळणे मंदावते. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत मलाजखंडच्या हलक्या दगडावर प्रयोग झाले. तांबे निघते, पण सावकाश. ६० ते ८० अंशांत जगणाऱ्या आर्कियांनी वेग वाढतो, मात्र उघडा ढीग तेवढा तापवून ठेवणे सोपे नाही. म्हणून चांगल्या प्रतीच्या दगडासाठी भट्टी हटवा, असे मी म्हणणार नाही. परंतु हलक्या दगडाचे गणित निराळे आहे. टनामागे अडीच किलो तांबे असलेला तो दगड सुरुंगाने आधीच फुटला आहे, त्याची वाहतूकही झाली आहे. ज्याला दुसरा उपयोगच नाही, त्याला दोन-तीन वर्षे लागली तर बिघडले काय?

चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना भागातही भूवैज्ञानिकांनी चाल्कोपायराइट नोंदले आहे. तिथे खाण उघडायची वेळ आली, तर हलका दगड कुठे टाकणार आणि त्याच्याखाली अस्तर कोणते घालणार, हे पहिला सुरुंग लावण्याआधीच आराखड्यात लिहायला हवे. मलाजखंडच्या जुन्या ढिगांखाली आता अस्तर सरकवता येत नाही. त्यासाठी सगळा दगड पुन्हा उचलावा लागेल.