मटण सोडले, रस्सा नाही सोडला!

श्रावणात मटणाच्या दुकानांपुढची गर्दी ओसरते. त्याच महिन्यात अनेक घरांत काळ्या मसाल्याचा तोच झणझणीत रस्सा शिजतो. फक्त मटणाऐवजी त्यात सोयाबीनच्या वड्या असतात. काहींसाठी हा बदल महिन्याभराचा, काहींसाठी कायमचा. त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची समाधी असलेल्या आपल्या जिल्ह्यात माळकरी घरे पुष्कळ. तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस-मासे सुटतात. मग टोमणा ऐकावा लागतो, 'मांसच सोडले, तर मांसासारखे कशाला हवे?'

चव मसाल्याची, चावा तंतूंचा

या टोमण्याला उत्तर आहे. माळकऱ्याने सोडलेला असतो तो जीव मारून मिळणारा घास; भाजलेले कांदा-खोबरे, लवंग, मिरे त्याने सोडलेले नसतात. लहानपणी जिभेवर बसलेली चव व्रत घेतल्याने पुसली जात नाही. रश्श्याची बरीचशी लज्जत वाटणाची, मसाल्याची आणि तेलाची असते. उरतो तो दाताखालचा चिवटपणा. तो मांसातल्या स्नायूंच्या तंतूंमुळे येतो.

सोयाबीनची वडी नेमकी तीच उणीव भरते. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठात पाणी घालून ते यंत्रात उष्णता व दाबाखाली बारीक छिद्रातून बाहेर ढकलतात. त्यामुळे प्रथिनांचे धागे बनतात आणि वडी फुगते. हे तंत्र १९६०च्या दशकात अमेरिकेत पुढे आले. सोयाबीन मात्र आता आपल्या निफाड, येवल्याच्या शेतात पिकते. कोकणात कच्च्या फणसाची भाजीही अशीच तंतुमय लागते. पण त्यात प्रथिने १०० ग्रॅममागे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम असतात.

एकाच पंगतीत बसता यावे म्हणून

दुसरे कारण घरातले. एकाने सोडले तरी बाकीचे खातात. वाटण एकच, पातेली दोन, म्हणजे सगळ्यांना एकत्र जेवता येते. अभिनेते रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी मांसाहार सोडल्यावर २०२१ मध्ये असेच वनस्पतिजन्य पदार्थ बाजारात आणले. प्राण्यांविषयीची दया, पर्यावरणाची काळजी आणि व्यायामशाळेतला प्रथिनांचा आग्रह, ही तरुणांची कारणेही आहेत.

जन्मापासून शाकाहारी असलेल्यांचे मात्र वेगळे असते. हुबेहूब मांसासारखा दिसणारा पदार्थ त्यांतल्या अनेकांना नकोसा वाटतो. त्यांना प्रथिनांसाठी डाळी, उसळी, पनीर पुरेसे आहे. आग्रह करू नये.

ताटात नेमके काय पडते?

साठ किलो वजनाच्या निरोगी प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. कोरड्या सोयाबीन वड्यांत ती जवळपास निम्मी असतात. म्हणजे ३० ग्रॅम वड्यांतून सुमारे १५ ग्रॅम मिळतात. इतक्या स्वस्तात इतकी प्रथिने देणारे पदार्थ कमी आहेत. पुरुषांनी सोयाबीन खाल्ल्याने पुरुषी हार्मोन कमी होते, ही भीती चाचण्यांत खरी ठरलेली नाही.

गोठवलेले कबाब, नगेट्स यांचे गणित निराळे. त्यांत तेल आणि मीठ बरेच असू शकते. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी हवे. पाकिटावर १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम लिहिले असेल, तर तो पदार्थ रोजच्या ताटातला नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने तर लांबच ठेवावा.

न दिसणारी उणीव

खरी काळजी वेगळीच आहे. मांसाची चव आणि प्रथिने वडीतून मिळतात, पण बी-१२ जीवनसत्त्व मिळत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले. शाकाहारींत धोका अधिक होता.

यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे मांस सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही. तीन-चार वर्षांनी तळपायांना मुंग्या येतात, थकवा येतो, अंधारात तोल जातो, जीभ लाल होऊन झोंबते. रुग्ण म्हणतो, 'वय झाले.' मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी वाढते आणि मुंग्यांचे खापर साखरेवर फुटते. केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांचे नुकसान आत चालूच राहते. उशीर झाला तर ते पूर्ण भरून येईलच असे नाही.

एवढे करा

मांस सोडले असेल तर रोज दूध, दही, ताक घ्या. तेही घेत नसाल तर बी-१२ची गोळी लागेलच; मात्रा डॉक्टरांना विचारा. मुंग्या येत असतील तर रक्ततपासणी करून घ्या. वड्यांच्या रश्श्यावर लिंबू पिळा, त्याने लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा टाळा. थायरॉईडची गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवा. सोयाबीन किंवा गव्हाची ॲलर्जी असेल तर पाकिटावरचे घटक वाचा.

रस्सा जरूर खा. व्रत मोडत नाही आणि प्रथिनेही मिळतात. फक्त मटणातून जे बी-१२ मिळत होते, त्याची सोय आधी करा.